रंग मिळतो, ब्रेक मिळत नाहीत

जुना बंब विकत घेणं तसं अवघड नाही. अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या अग्निशमन दलांनी नवी गाडी आली की जुनी लिलावात काढली, आणि १९४०-५० च्या दशकांतले कितीतरी बंब असे हौशी माणसांच्या अंगणात येऊन उभे राहिले. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती मिरवणुकीतली गाडी. लालभडक रंग, बाजूला सोनेरी वर्खाची वेलबुट्टी, पुढे लखलखणारी घंटा. यातलं बहुतेक सगळं पैसे टाकून मिळतं. रंगारी मिळतो, वर्ख लावणारा कारागीर मिळतो, क्रोमचं काम करून देणारे मिळतात. इंजिन तर बरेचदा थोड्या खटपटीत सुरू होतं, कारण गाडी आयुष्यभर फारशी धावलेलीच नसते. मग ती फाटकाबाहेर काढायचा दिवस येतो, ब्रेकचं पेडल दाबलं जातं आणि ते काही न सांगता थेट तळाला जाऊन बसतं.

इथून पुढचे महिने कुठे जातात ते या छंदातल्या कुणालाही विचारा. प्रदर्शनातले परीक्षक रंग बघतात, पितळेत आपला चेहरा दिसतो का ते बघतात. ड्रमच्या आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. पण बंबाला रस्त्यावर उतरण्याचा हक्क ड्रमच्या आतलं सामानच देतं आणि नेमकं तेच दुकानात मिळत नाही.

बंबाच्या ब्रेकवर किती भार असतो हे आधी पाहू. मालवाहू ट्रक कधी भरलेला असतो, कधी रिकामा. बंब कायम भरलेला. टाकीत ५०० अमेरिकन गॅलन पाणी असेल तर ते १,९०० लिटर, म्हणजे जवळपास दोन टन फक्त पाणी. त्यावर पंप, शिड्या, होजपाइप आणि माणसं. समजा एकूण वजन १० टन आणि वेग ताशी ६० किलोमीटर. ही गाडी थांबवायची तर सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती जिरते ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. चारही ड्रम मिळून १२० किलो ओतीव लोखंड धरलं तर एकदा थांबताना ते २५ अंशांनी तापतं. एवढं काही वाटत नाही. पण हीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट ब्रेकवर उतरू लागली की हिशेब तीन कोटी ज्यूलच्या घरात जातो, म्हणजे वीस-एकवीस वेळा थांबण्याइतका. वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असं धरलं तर लोखंड पाचशे अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात वारा बरीच नेतो, ड्रायव्हर गिअर खाली घेऊन इंजिनाला रोखायला लावतो, पण ब्रेकचा एखादा भाग ‘चालून जाईल’ म्हणून बसवण्यात धोका काय आहे ते या आकड्यांवरून कळावं.

आता मुळात बिघडतं काय? रोज धावणाऱ्या ट्रकचे ब्रेक घासून झिजतात. बंबाचे ब्रेक उभ्या उभ्या सडतात. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते; त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच किमान आकडा १४० वर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. ही झाली धावत्या गाडीची गोष्ट. उभ्या गाडीत तेच पाणी चाकापाशी ब्रेकचे शू ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या तळाशी गंज चढवत बसतं. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी, तिथे बारीक खड्डे पडतात. रबराचा वॉशर त्या खड्ड्यांवरून सरकताना फाटतो किंवा पिस्टन जागच्या जागी धरून बसतो. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून सुजून बंद होत आलेले असतात. पायाच्या जोराने ऑइल त्यांतून पुढे जातं, पण शूच्या स्प्रिंगला ते परत ढकलता येत नाही. असा ब्रेक लागतो आणि सुटत नाही. मेकॅनिक मग दोन दिवस ड्रममध्ये दोष शोधतो, आणि चोर असतो हातभर लांबीचा होज.

गाडी जितकी जुनी तितके भाग दुर्मीळ, असं कुणालाही वाटेल. ब्रेकच्या बाबतीत ते खरं नाही, असं माझं मत आहे. १९१०-२० च्या दशकातला चेनवर चालणारा अमेरिकन लाफ्रान्स कंपनीचा बंब घ्या. ब्रेक फक्त मागच्या बाजूला. पेडलपासून निघालेल्या सळया, त्यांना जोडणाऱ्या पिना, आणि ड्रमवर आवळणारे पट्टे किंवा आतून फाकणारे शू. यात सिलिंडर नाही, रबर नाही, ऑइल नाही. पिन झिजली तर लेथवर नवी काढायची, भोक मोठं झालं तर बुश मारायचा, सळई वाकली तर तापवून सरळ करायची. चांगला लोहार आणि चांगला टर्नर असला की कंपनी बंद पडून शंभर वर्षं झाली तरी अडत नाही. लायनिंगची पट्टी तेवढी विकत आणावी लागते. तिचा जनक हर्बर्ट फ्रूड नावाचा इंग्रज. घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुन्या बुटाचा तुकडा दाबतात हे पाहून त्याने खास ब्रेकसाठी घर्षणाचा माल बनवायला घेतला आणि १८९७ मध्ये धंदा उभा केला. पुढे तो फेरोडो नावाने जगभर गेला. मुंबईकरांना घाटकोपरचा हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना आठवत असेल. ती याच कुळातली शाखा.

आपल्याकडेही या पिढीतला एक बंब आहे. निजामाच्या रेल्वेकडे असलेला, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या जॉन मॉरिस कंपनीचा १९१४ सालचा बंब नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी असा मराठवाड्यातून जाणारा रेल्वेमार्ग त्याच निजामाच्या रेल्वेचा. भरीव रबराच्या टायरांचा हा बंब जुन्या मोटारींच्या रॅलींतही उतरलेला आहे. शंभरी पार केलेली गाडी रस्त्यावर चालते याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटतं, ती तेवढी जुनी आहे म्हणूनच तिचं निभावतं.

खरी अडचण मधल्या पिढीची, साधारण १९३५ ते १९६० या काळातल्या गाड्यांची. हायड्रॉलिक ब्रेक तेव्हा घरोघर आले होते. या ब्रेकचा आद्य कारागीर माल्कम लॉकहीड. विमानांच्या कंपनीमुळे प्रसिद्ध झालेला ॲलन लॉकहीड त्याचा भाऊ. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते त्या मानाने स्वस्त गाडीत आणले. सुरुवातीचे चामड्याचे वॉशर गळायचे. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबराचे वॉशर बसवले तेव्हा ही पद्धत खरी रुळली. हेन्री फोर्ड मात्र सळयांवरच अडून बसला होता, त्याच्या मोटारींत हायड्रॉलिक ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलपासून. या नव्या पद्धतीने पायाचा जोर चारही चाकांना सारखा वाटला जाऊ लागला, पण सगळा खेळ आता इंचाच्या हजाराव्या भागाशी आणि रबराच्या तब्येतीशी येऊन ठेपला. लोहाराच्या हातातून तो सुटला. आणि ज्या कारखान्यांकडे तो गेला, त्यांनी वीस-पंचवीस वर्षांत ते साचे मोडीत काढले.

ब्रेकचे भाग बंबाच्या नावाने शोधत बसणं, ही नवख्यांची वर्षं खाणारी गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराची अमेरिकन लाफ्रान्स, ओहायोतल्या कोलंबसची सीग्रेव्ह, सिनसिनाटीची आरेन्स-फॉक्स ही बंब बनवणाऱ्यांतली मोठी नावं. आरेन्स-फॉक्सचा पुढे लावलेला पंप आणि त्यावरचा चकाकणारा गोळा ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. पण या कंपन्यांचं कसब पंपात, शिडीत, सांगाड्यात आणि बांधणीत होतं. ॲक्सल अनेकदा टिमकेन-डेट्रॉइटकडून यायचे, ब्रेकचे सिलिंडर वॅगनर, बेंडिक्स किंवा लॉकहीडकडून. मॅकसारखी स्वतःचे ॲक्सल करणारी कंपनी हा अपवाद. म्हणजे गाडीचं आडनाव एक आणि ब्रेकचं कूळ दुसरंच. अमेरिकन लाफ्रान्स २०१४ मध्ये बंद पडली म्हणून हळहळ जरूर वाटावी, पण तिच्या गाडीतला व्हील सिलिंडर तिने कधी बनवलाच नसेल तर ती चालू असून तरी काय उपयोग होता? तोच सिलिंडर त्या काळच्या एखाद्या बसला, दुधाच्या टँकरला किंवा लष्करी ट्रकला लागलेला असतो. बंब काही शेकड्यांत बनले. बस आणि ट्रक लाखांत.

म्हणून पहिलं काम ओळख पटवण्याचं. सिलिंडर काढायचा, वायर ब्रशने साफ करायचा आणि ओतकामात उमटलेला आकडा शोधायचा. इथे एक खाचखळगा आहे. बाहेर ठसठशीत दिसतो तो ओतीव अंगाचा नंबर. तो तयार भागाचा नंबर असेलच असं नाही. एकाच ओतीव अंगातून कारखाना एकाला सव्वा इंचाचं बोअर मारतो, दुसऱ्याला दीड इंचाचं. नंबर जुळला म्हणून परगावाहून मागवलेला सिलिंडर बाहेरून हुबेहूब आणि आतून भलताच निघतो. त्यामुळे नंबराबरोबर मापं हवीतच. बोअर, अंगाची लांबी, दोन बोल्टांमधलं अंतर, नळी जिथे बसते तिथला आटा, आणि एअर काढायचा निपल कुठल्या बाजूला आहे ते. डाव्या आणि उजव्या चाकाचे सिलिंडर एकमेकांचं प्रतिबिंब असू शकतात. अनुभवी माणूस हे सगळं एका कार्डावर लिहून खिशात ठेवतो आणि भंगाराच्या ढिगाऱ्यापाशी व्हर्निअर घेऊनच जातो.

मग पुस्तकं. अमेरिकेतल्या भंगारवाल्यांसाठी १९३४ पासून हॉलंडर नावाची अदलाबदलीची सूची निघते: कुठल्या गाडीचा कुठला भाग आणखी कुठल्या गाड्यांना चालतो, याची. ही सूची बनवणाऱ्यांच्या डोक्यात बंब नव्हते, पण ॲक्सलची ओळख पटली की तिचा उपयोग होतो. दुसरा खजिना लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीने अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रक साडेपाच लाखांवर बनवले. लष्कराने त्याची देखभालीची पुस्तकं आणि सुट्या भागांच्या याद्या छापल्या. जुन्या लष्करी गाड्यांच्या जगात हा ट्रक आजही जी-५०८ या यादीक्रमांकाने ओळखला जातो. युद्ध संपल्यावर सुट्या भागांची खोकी टनावारी विकली गेली. ज्याच्या बंबाचे ब्रेक या ट्रकच्या नात्यातले निघाले, त्याने देवापुढे साखर ठेवावी.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट हिरव्या रंगात दिसते. शीतयुद्धात अणुहल्ला झालाच तर शहरं विझवायला ब्रिटिश सरकारने १९५० च्या दशकात बेडफर्डच्या सांगाड्यावर बंब बांधून घेतले. रंग गडद हिरवा, म्हणून लोक त्यांना ‘ग्रीन गॉडेस’ म्हणू लागले. युद्ध झालं नाही. ते वर्षानुवर्षं गोदामात उभे राहिले आणि १९७७ च्या अग्निशामकांच्या संपात सैनिकांनी ते बाहेर काढले. २००२ च्या संपातही ते रस्त्यावर दिसले. नंतर सरकारने विकायला काढले तेव्हा हौशी मंडळींनी भराभर उचलले, आणि ब्रेकच्या भागांसाठी त्यांची तशी ओरड नसते. कारण चारही चाकं ओढणारा हा बंब ज्या बेडफर्ड आरएल ट्रकचा भाऊ, तो ब्रिटिश सैन्याचा वर्षानुवर्षांचा हमाल. आपल्याकडे कुणी जुना बंब उभा करायला घेतलाच तर त्यालाही हेच करावं लागेल. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला आला होता, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघायचे. अशा सांगाड्यावरचा बंब असेल तर चौकशी बंबाची करू नये, ट्रकची करावी.

पुस्तकांनी जे सांगितलं ते हाती लागतं माणसांकडून. अमेरिकेत जुन्या बंबांची हौस करणाऱ्यांची संस्था, स्पाम्फा, १९५८ पासून आहे; तिच्या शाखा ठिकठिकाणी मेळावे भरवतात. बंब रांगेत उभे राहतात, पंप चालवून पाण्याचे फवारे उडवले जातात, आणि बाजूला चादरी पसरून सुटे भाग विकले जातात. पेनसिल्वेनियात हर्शी गावी दर ऑक्टोबरला जुन्या मोटारींचा बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात हरवून जाणाऱ्या माणसाने तिथे जाऊ नये, कुटुंब शोधत येईल. इंग्लंडात ब्यूली गावचा असाच बाजार १९६७ पासूनचा. या बाजारांची एक रीत आहे. ज्याच्याकडे दुर्मीळ सिलिंडर असतो तो तो विकायला मांडतोच असं नाही. तुमच्याकडे खरोखर गाडी आहे का, ती कुठल्या गावची, पंप कोणता, हे विचारून झाल्यावर तो घरी शेडमध्ये काहीतरी आहे असं सांगतो. नफेखोरापेक्षा गाडीला माल मिळावा, असा त्यामागचा हिशेब. मला तो योग्य वाटतो, जरी त्यामुळे नवख्याला रिकाम्या हाताने परतावं लागत असलं तरी.

साठ-सत्तर वर्षं खोक्यात राहिलेला कोरा माल मिळाला की माणूस हरखतो. तेलकट कागदात गुंडाळलेला, कंपनीच्या लेबलासकट. त्यातला ओतीव भाग सोनं समजावा, रबर मात्र सरळ फेकून द्यावं. रबर न वापरताही म्हातारं होतं. खोक्यात गोल, काळाभोर दिसणारा वॉशर चिमटीत दाबला तर कडेला बारीक भेगा उमलतात. तो बसवला तर पहिल्या दिवशी ब्रेक लागेलही, पण कुठल्या दिवशी लागणार नाही ते सांगता येणार नाही. बोअरचं माप ठाऊक असेल तर नवे वॉशर सहसा मिळतात, कारण रबराला गाडीचं नाव लागत नाही, फक्त माप लागतं.

बोअरच खराब असेल तर? वरवरचा गंज होन मारून जातो, पण इंचाच्या काही हजारांश भागांपलीकडे बोअर वाढलं की वॉशर सैल पडतो. मग स्लीव्ह टाकायची. सिलिंडर मोठा बोअर करायचा, त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी दाबून बसवायची आणि मूळ मापाला आतून फिनिश मारायची. हे काम नीट झालं तर सिलिंडर नव्याहून टिकाऊ होतो, कारण ही नळी लोखंडासारखी गंजत नाही. व्हील सिलिंडरला हे सोपं जातं. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरला डोकं लागतं.

मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये, टाकीच्या तळाशी, दोन भोकं असतात. एक ठळक, दुसरं पाऊण मिलिमीटरच्या आसपास, सुईच्या टोकाएवढं. पाय उचललेला असताना पिस्टनचा वॉशर या बारीक भोकाच्या अगदी किंचित मागे येऊन थांबतो. त्यामुळे नळ्यांतलं ऑइल आणि टाकीतलं ऑइल यांचा संबंध उघडा राहतो. ब्रेक तापून ऑइल फुगलं तर जास्तीचं या भोकातून टाकीत परत जातं. स्लीव्ह टाकताना हे भोक बुजतं आणि ते त्याच जागी पुन्हा पाडावं लागतं. आतल्या बाजूला ड्रिलची बारीकशी काट राहिली तर प्रत्येक वेळी पेडल दाबताना ती वॉशरचा ओठ खरवडते. भोक पाडायचं राहूनच गेलं, किंवा पेडलच्या दांड्याला जरासुद्धा ढिलाई ठेवली नाही आणि वॉशर भोकावरच बसून राहिला, तर गाडी पाच-सात किलोमीटर नीट चालते. मग शू हलके घासू लागतात, ड्रम तापतात, ऑइल फुगतं, त्याला परतायला वाट नसते, शू आणखी घट्ट बसतात. शेवटी गाडी आपोआप ब्रेक लावून रस्त्याच्या मधोमध उभी राहते. थंड झाल्यावर सगळं ठीक! दोष सापडत नाही, कारण गॅरेजमध्ये येईपर्यंत दोष उरलेला नसतो.

मूळचा मास्टर सिलिंडर मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवण्याचा मोह होतो. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. सव्वा इंच बोअरच्या जागी दीड इंचाचा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ १.४४ पट होतं. पेडल कमी जाईल, घट्ट वाटेल, चालवणारा खूश होईल. पण तेवढाच दाब आणायला पायाला ४४ टक्के जास्त जोर लावावा लागेल, आणि तो भरल्या टाकीने उतारावर कळेल. उलट लहान बोअरचा बसवला तर पाय हलका पडेल, पण सगळ्या व्हील सिलिंडरांना पुरेल एवढं ऑइल एका दाबात जाणार नाही. आणखी एक गोष्ट. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. पाय उचलल्यावरही ती नळ्यांत थोडा दाब धरून ठेवते, म्हणजे वॉशरचे ओठ भिंतीला टेकून राहतात आणि एअर आत येत नाही. डिस्क ब्रेकसाठी बनलेल्या सिलिंडरात ही झडप नसते. तो बसवला की मेकॅनिक एअर काढून काढून थकतो आणि पेडल पुन्हा मऊ.

या काळातल्या जड बंबांवर पायाच्या मदतीला बेंडिक्सचा हायड्रोव्हॅक असायचा. इंजिन हवा खेचताना जी पोकळी तयार होते तिच्या जोरावर ऑइलचा दाब वाढवणारा, फ्रेमला टांगलेला पत्र्याचा डबा. जुन्या घडणीच्या हायड्रोव्हॅकमध्ये मोठ्या पिस्टनला चामड्याची कड असते. गाडी उभी राहिली की हे चामडं वाळून कडक होतं, आणि मदत मिळायची बंद होते. दुरुस्ती म्हणजे डबा उघडून गंज काढणं, चामडं नवं कापून त्यासाठीच्या तेलात मुरवणं, आणि आतल्या हायड्रॉलिक बाजूचं रबर बदलणं. आतली बाजू फुटली तर ब्रेक ऑइल गुपचूप इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जातं. टाकी रिकामी होते आणि गाडीखाली एक थेंब नाही. हे काम करणारी माणसं अजून आहेत, पण बहुतेक वयस्कर आहेत.

लायनिंगची चिंता त्या मानाने कमी. जुने शू जपून ठेवायचे, त्यावरची लायनिंग काढून नवी रिव्हेट करून घ्यायची आणि ड्रमच्या गोलाईला जुळवून घासून घ्यायची. ट्रकच्या लायनिंगची दुकानं हे काम रोज करतात. सांभाळायचं ते जुन्या लायनिंगच्या धुळीला. त्या काळची लायनिंग ॲस्बेस्टॉसची, आणि ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने फुंकर मारायची गॅरेजची सवय इथे फुप्फुसांवर बेतू शकते. ओल्या फडक्याने पुसावं, फडकं पिशवीत बांधून टाकावं.

ड्रमला तडा गेला असेल तर मात्र पंचाईत. घासून गोल करायला मर्यादा असते. पातळ ड्रम लवकर तापतो. वेल्डिंग करून सांधलेल्या ओतीव ड्रमवर दहा टनांचा भरवसा ठेवू नये. दुसरा मिळाला नाही तर ओतून घ्यायचा. पॅटर्न बनवताना तो शेकडा एकने मोठा ठेवावा लागतो, कारण करडं ओतीव लोखंड थंड होताना तेवढं आकसतं. लेथवर उतरवण्यापुरता माल वेगळा धरायचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगायला नको. खर्च पॅटर्नचा असतो, म्हणून शहाणा माणूस आधी त्याच ॲक्सलचे आणखी चार मालक गाठतो आणि एकाऐवजी दहा ड्रम ओतून घेतो.

हँडब्रेककडे लोक दुर्लक्ष करतात, पण बंबाला तो साध्या ट्रकपेक्षा जास्त लागतो. आगीपाशी गाडी उभी करून इंजिनाच्या जोरावर पंप तासन् तास चालवायचा असतो. अनेक बंबांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच्या छोट्या ड्रमवर असतो. मागच्या ॲक्सलचा गिअर एकास सहा असेल तर या छोट्या ब्रेकचा जोर चाकांपर्यंत पोचताना सहापट होतो, म्हणून तो लहान असूनही भारी पडतो. उणीव अशी की शाफ्टचा जोड तुटला तर ब्रेकही गेला. चाकांखाली लाकडी ठोकळे म्हणूनच ठेवतात.

सगळं जमल्यावर ऑइल कुठलं भरायचं यावर हौशी मंडळींत भांडणं होतात. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही आणि रंग खात नाही. ग्लायकॉलचा थेंब सोनेरी वर्खावर पडला तर महिन्यांची मेहनत उतरते. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीला सिलिकॉन बरं, असं मी म्हणेन, पण सगळं रबर नवं असेल आणि नळ्या कोरड्या केल्या असतील तरच. दोन्ही जाती मिसळायच्या नाहीत. आणि नावात ऑइल असलं तरी इंजिन ऑइलचा थेंबही आत जाता कामा नये, रबर फुगून बसतं.

दुसरं भांडण दुहेरी मास्टर सिलिंडरचं. या गाड्यांत एकच सर्किट असतं, कुठेही एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. अमेरिकेत मोटारींना दुहेरी सर्किट १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीचं झालं. मूळ रूपाचे आग्रही लोक बदलाला नाकं मुरडतात. संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल त्यांचं म्हणणं मान्य. मुलांना पाठीवर बसवून मिरवणुकीत नेणार असाल तर सर्किट दोन करावीत, आणि जुना मास्टर सिलिंडर तेल लावून फडताळात ठेवावा.

नव्या लोखंडी नळ्या, नवे होज, मग एअर काढायची. आधी हायड्रोव्हॅकच्या निपलमधून, इंजिन बंद ठेवून, आणि मग सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. पहिली फेरी रिकाम्या टाकीने, सपाट मोकळ्या जागेत. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघायचं, थांबून चारही ड्रमला लांबून हात दाखवायचा. एकच जास्त तापला असेल तर तिथले शू सुटत नाहीत. दुसरी फेरी भरलेल्या टाकीने. अर्धी भरून नेऊ नये, आडवे पत्रे असूनही पाणी पुढे धावतं आणि थांबायला आलेल्या गाडीला धक्का देतं. रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारायची. लायनिंग ड्रमला बसली की शू पुन्हा एकदा आवळावे लागतात, आणि तेव्हा ड्रम काढून प्रत्येक व्हील सिलिंडरची धूळटोपी उचलून आत ओल आहे का ते पाहायचं.